दवाखान्यालाही हवी वायद्याची वही

कापडाच्या घाऊक दुकानात हिशेबाच्या तीन वह्या लागतात. पहिली रोजकीर्द. दिवसभरात कोण आले, काय नेले, किती दिले, ते तीत तारखेप्रमाणे उतरते. दुसरी खतावणी. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते वेगळे असते. तिसरी वही लहान असते, पण दुकान तिच्या जोरावर चालते. कोणाच्या बिलाची मुदत कोणत्या तारखेला भरते, हे तीत पुढच्या तारखांप्रमाणे लिहिलेले असते. कोणी तिला वायद्याची वही म्हणतो, कोणी वसुलीची. सकाळी गादीवर बसल्यावर मुनीम आधी ही वही उघडतो आणि आज कोणाकडे माणूस पाठवायचा ते ठरवतो.

आता आपल्या मोहल्ल्यातला लहान दवाखाना पाहा. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, बाहेर बाकड्यावर दहा-पंधरा माणसे. तेथे रोजकीर्द असते. तिला रजिस्टर म्हणतात. काही ठिकाणी खतावणीही असते, म्हणजे प्रत्येक रुग्णाचा केसपेपर. तिसरी वही मात्र बहुतेक ठिकाणी नसते. "पाच दिवसांनी दाखवायला या," हे वाक्य डॉक्टरसाहेब दिवसातून वीस वेळा बोलतात आणि चिठ्ठीवर लिहूनही देतात. ती चिठ्ठी रुग्णाच्या खिशातून घरी जाते. पाच दिवसांनी तो आला नाही, तर दवाखान्यातल्या कोणत्याही कागदावर त्याची खूण उमटत नाही.

आलेल्या माणसाची नोंद होते, न आलेल्याची होत नाही. सगळे दुखणे येथेच आहे. डॉक्टरसाहेबांचे लक्ष नाही किंवा त्यांना कळकळ नाही असे नव्हे. चाळीस रुग्ण तपासणाऱ्या माणसाच्या ध्यानात कोण आले नाही ते राहणे शक्यच नसते. दुकानातला माल कमी झाला की फळीवर जागा रिकामी दिसते. दवाखान्यात न आलेल्या रुग्णाची जागा दुसरा रुग्ण भरून काढतो, म्हणून ती रिकामी दिसत नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर का?

याची कारणे तीन. पहिले असे की, आपल्या घरांतली मुले-मुली आज मोठ्या संख्येने दवाखाने चालवीत आहेत. जळगावचे इकरा युनानी महाविद्यालय, मालेगावचे मोहम्मदिया तिब्बिया, अक्कलकुव्याचे युनानी महाविद्यालय येथून शिकून निघालेले तरुण डॉक्टर खानदेशात जागोजागी बसले आहेत. इलाज कसा करावा हे त्यांना महाविद्यालयात शिकवले जाते. वही कशी ठेवावी हे मात्र बाप-चाचाच्या दुकानातून शिकावे लागते.

दुसरे कारण असे की, मोहल्ल्यातल्या खैराती दवाखान्यांच्या कमिट्यांवर व्यापारीच असतात. औषधाला पैसे किती लागले, हे कमिटी विचारते. ज्यांना औषध सुरू केले त्यांतले किती बरे झाले, हे फार थोडे जण विचारतात.

तिसरे कारण आपल्या कारखान्यांतले आहे. धुळ्याचे यंत्रमाग असोत की जळगावच्या एम.आय.डी.सी.तल्या डाळमिली आणि चटईचे कारखाने, तेथला मजूर दवाखान्यात परत गेला नाही तर त्याची किंमत त्याचे घर मोजते आणि पुढे कारखानाही मोजतो.

परत न आल्याने काय होते?

सर्दी-खोकल्याचा रुग्ण परत आला नाही तर बहुधा तो बरा झाला असे समजायला हरकत नाही. पण काही आजारांत परत येणे हाच इलाजाचा अर्धा भाग असतो.

क्षयरोग म्हणजे टीबीचे उदाहरण घ्या. साध्या टीबीचा इलाज सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे. थोड्याच आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागते. यंत्रमागावरचा मजूर पुन्हा पाळीवर जाऊ लागतो आणि तेथेच घोटाळा होतो. तबियत बरी वाटते म्हणून गोळ्या थांबतात. अंगात उरलेले जंतू अर्धवट मार खाऊन टिकतात आणि पुढे त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मग दुसरा इलाज घ्यावा लागतो. तो अधिक कडक आणि शरीराला जास्त त्रास देणारा असतो. दरम्यान एका खोलीत झोपणाऱ्या बायको-मुलांना लागण होण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

कुत्रे चावल्यावर द्यायच्या लसीचे असेच आहे. कातडीत टोचायच्या पद्धतीत पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस घ्यावी लागते. स्नायूत टोचायची असेल तर चौदाव्या दिवसाचा एक डोस वाढतो. जखम तिसऱ्या दिवशी सुकू लागली म्हणून घरी बसणारे पुष्कळ असतात. पिसाळी म्हणजे रेबीज एकदा उठल्यावर मात्र माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

रक्तदाब आणि मधुमेह हे तर जन्माचे सोबती. महिन्याच्या गोळ्या संपल्या आणि रुग्ण आला नाही, तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस दुकानात बसतो, लग्नाला जातो, हसतो-बोलतो. एक दिवस अर्धे अंग जाते तेव्हा घरच्यांना कळते की गोळ्या चार महिन्यांपासून बंद होत्या.

दुनियेने हा हिशेब कसा मांडला?

भारतात राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. औषधे होती, दवाखाने होते, पण इलाज सुरू केलेल्यांपैकी पुष्कळ जण तो पुरा करीत नसत. खासगी दवाखान्यांत तर ताळमेळच नव्हता. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबईच्या धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या पद्धतीची औषधयोजना लिहिल्याचे दिसले होते. सुरुवातच जेथे शंभर तऱ्हांची, तेथे शेवटाचा हिशेब कोण ठेवणार?

या प्रश्नाचे उत्तर आफ्रिकेतल्या टांझानिया या गरीब देशातून आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. कारेल स्टिब्लो यांनी तेथे एक पद्धत बसवली. तिचा गाभा कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन कळेल. तीन महिन्यांत जेवढ्या रुग्णांना औषध सुरू केले तेवढ्यांची एक तुकडी धरायची. मुदत भरली की त्या तुकडीतल्या एकेका माणसाचा शेवट लिहायचा. बरा झाला, मृत्यू पावला, इलाज फसला, दुसरीकडे गेला की मध्येच सोडून गेला? सगळ्यांची बेरीज सुरुवातीच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. वर्षअखेर माल मोजताना आपण जे करतो तेच हे. पुढे ही रीत जगभर गेली. आपल्याकडे १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात म्हणजे डॉट्समध्ये ती आली आणि २००६ पर्यंत साऱ्या देशात पोहोचली.

यातली एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. मध्येच औषध सोडणाऱ्याला पूर्वी इंग्रजीत 'डिफॉल्टर' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत बुडव्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द ठेवला. हा बदल नुसत्या शब्दाचा नाही. बुडव्या म्हटले की दोष रुग्णाचा होतो. सुटलेला म्हटले की कोणाच्या हातून सुटला, हा प्रश्न दवाखान्याला विचारता येतो.

नर्सबाईंची कापडी पिशवी

कागदी हिशेबाचा याहून सोपा नमुना आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात टांगलेला असतो. लसीकरणाच्या कामात नर्सबाईंसाठी कप्प्यांची एक कापडी पिशवी असते. तिला चौदा कप्पे. बारा कप्पे बारा महिन्यांचे. एक कप्पा ज्यांच्या लसी पुऱ्या झाल्या त्यांचा आणि एक गाव सोडून गेलेल्या किंवा दगावलेल्या बालकांचा.

बाळाच्या कार्डाचा अर्धा भाग आईकडे राहतो, अर्धा भाग या पिशवीत जातो. बाळाची पुढची लस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या कप्प्यात ते अर्धे कार्ड ठेवायचे. बाळ आले, लस झाली की कार्ड काढून पुढच्या महिन्याच्या कप्प्यात टाकायचे. सहा, दहा, चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग दीड वर्षाच्या आसपास, असे ते कार्ड बाळाबरोबर पुढे सरकत जाते. महिना संपला की त्या कप्प्यात जी कार्डे उरली तीच न आलेली मुले. त्यासाठी रजिस्टर चाळावे लागत नाही. हात घातला की नावे हातात येतात.

रक्तदाबासाठीही हाच विचार वापरला गेला. २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातले त्याचे पहिले जिल्हे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. तेथे प्रत्येक रुग्णाचे इलाजाचे कार्ड ठेवले गेले. पुढे 'सिम्पल' नावाचे मोबाईलवरचे साधन आले, तेही तारीख उलटून गेलेल्या रुग्णांची यादी कर्मचाऱ्यासमोर ठेवते आणि त्यांना फोन करायला सांगते. कागद असो की मोबाईल, रीत एकच. कार्डे गेलेल्या तारखेप्रमाणे किंवा नावाप्रमाणे न लावता येणाऱ्या तारखेप्रमाणे लावायची.

आपल्या दवाखान्यासाठी पिशवी

खासगी दवाखान्यात महिन्याचा कप्पा पुरत नाही, कारण कोणाला तीन दिवसांनी बोलावलेले असते, कोणाला दहा. म्हणून ३१ कप्पे तारखांचे आणि १२ कप्पे महिन्यांचे करावेत. त्यात 'इलाज पुरा' आणि 'गाव सोडले किंवा मृत्यू' असे दोन कप्पे मिळवले की एकूण ४५ होतात. मांजरपाटाचा जाड तुकडा घ्या, मोहल्ल्यातल्या शिलाईवाल्याला पाच आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत नऊ कप्पे असे माप द्या. कप्प्यांवर आकडे रंगवून घ्या. एका दिवसाचे काम आहे. ती रुग्णांच्या नजरेसमोर न टांगता कंपाउंडरच्या मागच्या भिंतीवर टांगावी.

कार्ड छापखान्यातून जाड कागदावर छापून घ्यावे. मधोमध टोचे मारून दोन भाग करावेत. दोन्ही भागांवर एकच नंबर असावा. आपल्या मोहल्ल्यात शेख, पठाण, अन्सारी, तडवी अशी आडनावे शेकड्यांनी असतात आणि एकाच गल्लीत एकाच नावाची चार माणसे निघतात. म्हणून ओळख नंबराने ठेवावी, नावाने नव्हे. दवाखान्यातल्या भागावर नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय, घराची खूण, मोबाईल नंबर, तो कोणाचा आहे, पुढची तारीख आणि कशासाठी बोलावले एवढेच असावे.

आजाराचे नाव कार्डावर लिहू नये. त्याऐवजी एक अक्षर किंवा आकडा ठरवावा आणि त्याचा अर्थ डॉक्टर-कंपाउंडर यांनाच ठाऊक असावा. एखाद्या मुलीच्या कार्डावरचा एक शब्द बाहेर गेला तर ठरलेला रिश्ता मोडतो, हे आपण जाणतो. ज्या दवाखान्यातून अशी गोष्ट एकदा बाहेर पडते, तेथे मोहल्ल्यातली बाई पुन्हा पाय ठेवत नाही.

रोजचे काम असे चालते. डॉक्टरसाहेबांनी पुढची तारीख सांगितली की औषध देतानाच कंपाउंडरने कार्डाचा अर्धा भाग रुग्णाला द्यावा आणि अर्धा त्या तारखेच्या कप्प्यात टाकावा. तारीख पुढच्या महिन्याची असेल तर महिन्याच्या कप्प्यात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुढच्या महिन्याचा कप्पा उघडून त्यातली कार्डे तारखांच्या कप्प्यांत वाटून टाकावीत. सकाळी आजचा कप्पा पाहिला की आज कोण येणार ते कळते. रुग्ण आला की कार्ड निघून पुढच्या तारखेला जाते. रात्री दवाखाना बंद करताना आजच्या कप्प्यात जी कार्डे उरली, ती उद्याची वसुली.

हे सगळ्यांसाठी करू नये. सर्दी-तापाच्या प्रत्येकाचे कार्ड केले तर आठ दिवसांत पिशवी फुटेल आणि कंपाउंडर वैतागेल. सुरुवातीला टीबी, कुत्रा चावणे, रक्तदाब, मधुमेह, गरोदर बाई, बाळाच्या लसी आणि टाके घातलेली जखम, एवढ्यांचीच कार्डे करावीत.

बोलावणे कसे करावे?

येथे व्यापाऱ्याची सवय थोडी आवरावी लागते. वायद्याच्या वहीत ज्याचे नाव असते तो आपले देणे लागतो. पिशवीत ज्याचे कार्ड उरते तो आपले काहीच देणे लागत नाही. नुकसान त्याचे आहे, आपले नाही. म्हणून तगाद्याची भाषा नको. "का आला नाहीत?" या प्रश्नाने माणूस शरमतो आणि पुढे फोनच घेत नाही. "डॉक्टरसाहेबांनी तुमची तबियत विचारली आहे, केव्हा जमेल?" एवढे पुरे.

किती दिवस थांबावे हे आजाराप्रमाणे ठरवावे. कुत्रा चावलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करावा. टीबीच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णासाठी गोळ्या संपण्याच्या दोन दिवस आधीची तारीख दिलेली असावी, म्हणजे दोन दिवस वाट पाहता येते. तीन वेळा फोन करूनही न लागल्यास घरी माणूस पाठवावा. त्याने घरात जाऊन फक्त निरोप द्यावा, आजाराचा उल्लेख शेजाऱ्यासमोर करू नये.

पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे की फोन कोणाचा आहे, केव्हा करावा आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगावे. पुष्कळ बायकांच्या कार्डावर नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असतो. यंत्रमागाच्या खडखडाटात तर फोनची घंटी ऐकूही येत नाही. पाळी सुटण्याची वेळ लिहून ठेवली तर तीन फोनांचे काम एका फोनात होते.

आणखी एक बाब दुकानदाराला चांगली माहीत आहे. ज्याच्याकडे उधारी थकते ते गिऱ्हाईक आपल्या दुकानावरून जाणे टाळते आणि लांबच्या गल्लीने जाते. दवाखान्यातही हेच घडते. मागचे दीडशे रुपये राहिले म्हणून माणूस तपासायला येत नाही, आणि दवाखान्याला वाटते तो बरा झाला. यासाठी उधारीची वही आणि पिशवीचे कार्ड एकमेकांत मिसळू देऊ नये. फोन करणाऱ्याने पैशाचा विषय काढू नये. रुग्णाने काढला तर "आधी दाखवून जा, हिशेब मागाहून पाहू," असे सांगण्याची मुभा त्याला असावी. खैराती दवाखान्याच्या कमिटीने हा ठराव लिहूनच ठेवावा.

बिल्टी आणि पोच

आपण सुरतेहून माल मागवला की बिल्टी येते आणि माल हाती पडेपर्यंत आपण स्वस्थ बसत नाही. लहान दवाखाना मात्र रुग्णाला "सिव्हिलला जा" किंवा धुळ्यात "हिरे कॉलेजला दाखवा" असे सांगतो आणि तेथे विषय संपतो. तो पोहोचला का, थुंकी तपासली का, काय निघाले, याची पोच येत नाही.

ज्याला पुढे पाठवले त्याचे कार्ड सात दिवसांनंतरच्या कप्प्यात टाकावे. त्या दिवशी फोन करून विचारावे. टीबीचा संशय असेल तर हे फार जरुरीचे आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. खासगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण सरकारला कळवणे २०१२ पासून बंधनकारक आहे. हे काम 'निक्षय' या यंत्रणेत होते. तेथे रुग्णाला एक नंबर मिळतो. २०१८ पासून खासगी डॉक्टराला रुग्ण कळवल्याबद्दल ५०० रुपये आणि इलाजाचा शेवट कळवल्याबद्दल आणखी ५०० रुपये देण्याची तरतूद आहे. सरकारने दुसरे ५०० शेवटावर ठेवले आहेत, यातच सारे आले. रुग्णाला खुराकासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. चौकशीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

इलाज पुरा झाल्यावरही टीबीचे कार्ड लगेच निकालात काढू नये. सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी पुन्हा पाहणे सांगितलेले आहे. ते कार्ड महिन्यांच्या कप्प्यात ठेवावे.

खानदेशचे कॅलेंडर

व्यापारी वायदा देताना गिऱ्हाइकाच्या हाती पैसा केव्हा येतो ते पाहतो. दवाखान्याने तारीख देताना माणूस केव्हा मोकळा असतो ते पाहावे. ज्या कारखान्याला जुम्याची सुट्टी असते तेथल्या मजुराला शुक्रवारची तारीख द्यावी. खेड्यावरून येणाऱ्याला त्याच्या बाजाराच्या दिवसाची द्यावी, म्हणजे एस.टी.चे भाडे एकदाच लागते. तारीख देण्यापूर्वी "या दिवशी जमेल का?" एवढे विचारले तरी फरक पडतो.

आपल्या भागातून कामासाठी बाहेर जाणारे पुष्कळ आहेत. सुरतेला जाणाऱ्यांची रीघ बारा महिने चालू असते. ऊसतोडीची माणसे दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की गाव सोडण्याआधी येऊन जा. निक्षयच्या नंबरावर त्याचा इलाज दुसऱ्या गावच्या केंद्राकडे सोपवता येतो. न सांगता गेलेला माणूस मात्र तेथे नव्याने सुरुवात करतो किंवा करतच नाही.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी रमजानची वेगळी नोंद असावी. रोजे ठेवणाऱ्या रुग्णाने रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असे या विषयातले जाणकार सांगतात. गोळ्या आणि इन्सुलिनची वेळ व मात्रा बदलावी लागते, आणि काहींच्या तबियतीला रोजा झेपणारा नसतो. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, म्हणून त्या कप्प्यावरची खूण दर वर्षी बदलावी.

महिनाअखेरचा ताळा

महिना संपल्यावर अर्धा तास बसून पाच आकडे लिहावेत. नमुन्यादाखल एक हिशेब घेऊ. समजा महिन्यात ६० जणांना तारीख होती. ३८ जण आपणहून आले. १२ जण फोन केल्यावर आले. ६ जण दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा परगावी गेल्याचे कळले. ४ जणांचा पत्ता लागला नाही. बेरीज ६० झालीच पाहिजे. झाली नाही तर कोणते तरी कार्ड हरवले आहे.

यातला बाराचा आकडा म्हणजे या पिशवीची कमाई. हे बारा जण पिशवीशिवाय आलेच असते असे धरता येत नाही. चारचा आकडा म्हणजे पुढच्या महिन्याचे काम. न येण्याचे कारणही कार्डामागे एका शब्दात लिहावे: पैसा, पाळी, प्रवास, बरे वाटले, औषध सोसले नाही. सहा महिन्यांनी ही कारणे मोजली की दवाखान्याला आपली चूक कोठे आहे ते कळते. "पाळी" हा शब्द जास्त निघाला तर दवाखान्याची वेळ बदलावी. "पैसा" जास्त निघाला तर कमिटीने विचार करावा.

मोबाईल आणि संगणकावर हे सगळे होऊ शकते आणि ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. मात्र तेथेही रुग्णांची नावे गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नयेत. कंपाउंडरचा खासगी फोन हीच दवाखान्याची वही होऊ देऊ नये. तो नोकरी सोडून गेला की वहीही जाते. आणि जेथे वीज व माणूस दोन्हींचा भरवसा नाही, तेथे मांजरपाटाची पिशवी कमी पडत नाही.

आपण काय करू शकतो?

व्यापारी बंधूंनो, ज्यांच्या घरात डॉक्टर मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी आपला जुना मुनीम एक दिवस त्यांच्या दवाखान्यात बसवावा. वायद्याची वही कशी लावतात ते तो कंपाउंडरला तासाभरात शिकवील. जे खैराती दवाखान्याच्या कमिटीवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत औषधाच्या खर्चाबरोबर वरचे पाच आकडेही मागावेत. ज्यांचा कारखाना आहे त्यांनी मजुराने दवाखान्याचे अर्धे कार्ड दाखवले तर त्या दिवसाची दोन तासांची सुट्टी मजुरी न कापता द्यावी, आणि कार्ड कशाचे आहे हे विचारू नये.

आणि आपण स्वतः रुग्ण असाल तर डॉक्टरांनी दिलेली तारीख आपल्या दुकानाच्या वायद्याच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा. ती वही तर आपण रोज सकाळी उघडतोच.